बडीप्रेसवरची साइट बिघडली तर दोष कसा शोधावा, आणि तिच्यात बदल कुठे करावेत

महाराष्ट्र मंडळं, शाळांचे माजी विद्यार्थी संघ, ट्रेकिंगचे ग्रुप, मोठ्या सोसायट्या अशा अनेकांच्या सभासदांसाठीच्या साइट वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या प्रणालीवर असतात. सभासदांची प्रोफाइलं, गट, खाजगी निरोप, मैत्रीच्या विनंत्या हे सगळं त्यात बडीप्रेस या मोफत प्लगइनमधून, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या जादा भागातून, येतं. चर्चेसाठी बहुधा जोडीला बीबीप्रेस असतं आणि वर आणखी दहा-वीस प्लगइन. साइट उभी करणारा माणूस पुढे नोकरीनिमित्त गाव बदलतो आणि पासवर्ड दुसऱ्या कुणाच्या तरी हाती येतात. हा लेख त्या दुसऱ्या माणसासाठी आहे. कोडिंग आलंच पाहिजे असं नाही. होस्टिंगच्या पॅनलमध्ये शिरून फाइल मॅनेजर उघडता आला आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायचा संयम असला, तर बहुतेक बिघाड घरच्या घरी निघतात.

हात लावण्याआधी

बॅकअप दोन गोष्टींचा लागतो: फाइलींचा आणि डेटाबेसचा. नुसत्या फाइली घेतल्या तर फोटो मिळतील, पण सभासद, त्यांचे निरोप आणि चर्चा मिळणार नाहीत, कारण ते सगळं डेटाबेसमध्ये असतं. अपड्राफ्टप्लससारखं प्लगइन दोन्ही घेतं. फक्त तो बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवू नका. ड्राइव्हवर किंवा आपल्या संगणकावर उतरवून घ्या.

शक्य असेल तर साइटची एक प्रत काढून प्रयोग तिच्यावर करा. बऱ्याच होस्टिंगमध्ये ‘स्टेजिंग’ नावाचं बटण त्यासाठीच असतं. मात्र प्रतीमध्ये सभासदांचे खरे ईमेल पत्तेही येतात. तिथे चाचणी म्हणून गटाला एक निरोप टाकलात तर तो खऱ्या माणसांच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडेल. म्हणून प्रत काढल्यावर पहिलं काम म्हणजे तिथून ईमेल जाणं बंद करणं.

साइट उघडतच नाही

पांढरं पान दिसतं, किंवा ‘साइटवर गंभीर चूक झाली आहे’ एवढंच इंग्रजीत लिहिलेलं येतं. हे बहुतेक वेळा एखादा अपडेट मारल्यावर किंवा होस्टिंगवाल्याने पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलं आहे तिची) आवृत्ती बदलल्यावर होतं. वर्षानुवर्षं कुणी न सांभाळलेलं प्लगइन पीएचपी ८ वर आलं की कोसळतं, हे तर नेहमीचं.

आधी ॲडमिनचा ईमेल तपासा, स्पॅमसकट. २०१९ मध्ये आलेल्या वर्डप्रेस ५.२ पासून अशा वेळी एक पत्र आपोआप येतं. कोणत्या प्लगइनमुळे साइट पडली ते त्यात लिहिलेलं असतं आणि ‘रिकव्हरी मोड’ची लिंक असते. त्या लिंकने आत शिरलात की दोषी प्लगइन तुमच्यापुरतं थांबवलेलं असतं. बाहेरच्यांना साइट अजून पडलेलीच दिसते, म्हणून आत जाऊन ते प्लगइन रीतसर बंद करा. अडचण अशी की हे पत्र ॲडमिनच्या पत्त्यावर जातं, आणि तो पत्ता अनेकदा सोडून गेलेल्या माणसाचाच असतो. सेटिंग्जमधल्या जनरल पानावर जाऊन तो आजच बदलून ठेवा.

पत्र आलंच नाही तर फाइल मॅनेजरमधून डब्ल्यूपी-कंटेंट आणि त्याच्या आतलं प्लगइन्स हे फोल्डर उघडा. ज्याचा संशय आहे त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला, शेवटी ‘ऑफ’ जोडलं तरी चालतं. वर्डप्रेसला ते सापडलं नाही की ते बंद होतं. संशय कुणावरच नसेल तर अख्ख्या प्लगइन्स फोल्डरचं नाव बदला, डॅशबोर्डमध्ये शिरून प्लगइनची यादी एकदा उघडा आणि मग नाव पूर्ववत करा. सगळी प्लगइन जागेवर असतील, फक्त बंद. डेटा कुठेही जात नाही. मात्र ‘डिलीट’ दाबू नका. बंद करणं आणि काढून टाकणं यात फरक आहे, आणि काही प्लगइन काढताना स्वतःचा डेटाही पुसून जातात.

आता एकेक चालू करायचं, पण बडीप्रेस सगळ्यात आधी. त्याच्यावर अवलंबून असलेली जोड-प्लगइन आधी चालू केलीत आणि ती बडीप्रेस आहे की नाही हे न बघताच त्याला हाक मारणारी असली, तर साइट पुन्हा पडेल आणि तुम्ही भलत्यालाच दोषी ठरवाल.

नेमकं कारण हवं असेल तर लॉग, म्हणजे चुकांची नोंदवही, वाचायला शिका. डब्ल्यूपी-कॉन्फिग (wp-config.php) फाइलमध्ये डीबग (WP_DEBUG) आणि डीबग-लॉग (WP_DEBUG_LOG) हे दोन पर्याय ‘ट्रू’ करा आणि डीबग-डिस्प्ले (WP_DEBUG_DISPLAY) ‘फॉल्स’, म्हणजे चुका सभासदांना दिसणार नाहीत, डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या डीबग लॉग फाइलमध्ये जमा होतील. त्या फाइलीत शेकडो ओळी असतात. ‘नोटीस’, ‘वॉर्निंग’, ‘डेप्रिकेटेड’ असं लिहिलेल्या ओळी तूर्तास सोडून द्या. ‘फेटल एरर’ असलेली ओळ शोधा आणि तिच्यात ‘प्लगइन्स’ या शब्दानंतर तिरक्या रेघेपुढे कोणत्या फोल्डरचं नाव आहे ते बघा. तुमचा माणूस तोच. ‘अनडिफाइन्ड फंक्शन’ असं लिहून पुढे ‘बीपी’ने सुरू होणारं नाव असेल, तर ओळखा की बडीप्रेस किंवा त्याचा एखादा भाग बंद आहे आणि कुणीतरी त्याला शोधतंय. ‘मेमरी एक्झॉस्टेड’ असेल तर त्याच कॉन्फिग फाइलमध्ये मेमरी २५६ एमबीपर्यंत वाढवून बघता येते. काम झालं की डीबग बंद करा आणि लॉग फाइल काढून टाका, कारण ती बाहेरूनही वाचता येण्याची शक्यता असते.

साइट उघडते, पण एखादी गोष्ट चालत नाही

फोटो चढत नाही, ‘पोस्ट’ दाबल्यावर चाक नुसतं फिरत राहतं, गटात सामील होण्याचं बटण मेलेलं आहे. इथे दोन प्लगइनांचं एकमेकांशी, किंवा प्लगइनचं थीमशी (साइटचं रूप ठरवणाऱ्या भागाशी) पटत नसतं. हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग हे प्लगइन टाका आणि त्याचा ट्रबलशूटिंग मोड सुरू करा. त्याची खुबी ही, की सगळी प्लगइन फक्त तुमच्यापुरती बंद होतात आणि थीमही साधी होते, बाकी सभासदांची साइट जशीच्या तशी चालू राहते. मग पुढच्या क्रमाने जा.

१. फक्त बडीप्रेस चालू करून तक्रार तपासा. इथेच दोष दिसला तर तो बडीप्रेसच्या सेटिंगमध्ये किंवा सर्व्हरवर आहे.

२. दोष दिसला नाही तर आपली थीम परत लावा आणि पुन्हा तपासा.

३. तरीही सगळं ठीक असेल तर उरलेल्या प्लगइनांपैकी निम्मी चालू करा. दोष आला तर तो या निम्म्यात, नाहीतर दुसऱ्या निम्म्यात. पुन्हा निम्मी करा. चोवीस प्लगइन असली तरी फार तर पाच फेऱ्यांत एक नाव हाती लागतं.

प्रत्येक फेरीत पान पूर्ण रिफ्रेश करा आणि काय बघितलं ते कागदावर लिहा. लिहिलं नाही तर तिसऱ्या फेरीनंतर गोंधळ ठरलेला.

नेहमीच्या तीन तक्रारी

सभासदांचं पान सापडत नाही, ४०४ येतो. सेटिंग्जमध्ये पर्मालिंक्सचं पान उघडा आणि काहीही न बदलता ‘सेव्ह’ दाबा. पानांच्या पत्त्यांचे (लिंकचे) नियम पुन्हा लिहिले जातात आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर बडीप्रेसची आवृत्ती बघा. २०२३ च्या अखेरीस आलेल्या १२.० पासून बडीप्रेसने पत्ते तयार करण्याची पद्धत बदलली. जुनी थीम किंवा जुनी जोड-प्लगइन असतील तर ‘बीपी क्लासिक’ हे त्याच मंडळींचं प्लगइन टाकल्यावर जुनी पद्धत परत मिळते.

दुसरी तक्रार सगळ्यात जास्त येते: नाव नोंदवलं, पण खातं सुरू करण्याचा ईमेल आलाच नाही. अशा माणसाला ताटकळत ठेवू नका. युजर्सच्या मेन्यूत ‘मॅनेज साइनअप्स’ आहे, तिथे नोंदणी अडकलेल्यांची यादी दिसते आणि एका क्लिकवर खातं सुरू करता येतं. मग मुळाशी जा. वर्डप्रेस स्वतःहून पाठवतं ते पत्र थेट सर्व्हरवरून निघतं, आणि ते खरोखर तुमच्या डोमेनचंच आहे याचा पुरावा त्याच्यासोबत बहुधा नसतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी पुरावा सगळ्याच पाठवणाऱ्यांना सक्तीचा केला आहे. तेव्हा एखादं एसएमटीपी प्लगइन टाकून रीतसर मेल सेवेतून पत्रं पाठवा, आणि ती सेवा देईल त्या नोंदी डोमेनच्या डीएनएस या नोंदवहीत भरा. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असावी. जुनी तशीच ठेवून दुसरी जोडलीत तर दोन्ही निकामी होतात. शिवाय मंडळाचा जीमेलचा पत्ता ‘प्रेषक’ म्हणून लावून पत्रं स्वतःच्या सर्व्हरवरून पाठवू नका, ती बनावट समजली जातात. जमलं की नाही हे बघायला स्वतःला एक पत्र पाठवा, जीमेलमध्ये ते उघडून ‘शो ओरिजिनल’ दाबा. एसपीएफ आणि डीकेआयएमपुढे ‘पास’ लिहिलेलं दिसलं की काम फत्ते.

तिसरी तक्रार कमी येते, पण ती आली की सगळं सोडून तिच्याकडे बघा: एका सभासदाला दुसऱ्याचं नाव किंवा दुसऱ्याचे निरोप दिसणं. हे बहुधा कॅशिंगमुळे होतं. एकासाठी बनवलेलं पान साठवून दुसऱ्याला वाढलं जातं. कॅशिंग प्लगइनमध्ये आणि सीडीएन (पानांच्या प्रती जगभर ठेवणारी सेवा) असेल तर तिथेही, लॉग-इन केलेल्यांसाठी पानं साठवणं बंद करा. नोंदणीचं आणि खातं सुरू करण्याचं पानही वगळा. त्या पानांवरच्या सुरक्षेच्या खुणा जास्तीत जास्त २४ तास टिकतात, शिळं पान मिळालं की ‘लिंकची मुदत संपली’ असं उत्तर येतं. साइट थोडी संथ झाली तरी चालेल, पण लोकांचे खाजगी निरोप इतरांना दिसता कामा नयेत.

बदल कुठे करावेत

प्लगइनच्या किंवा थीमच्या मूळ फाइलीत कधीही लिहू नका. पुढचा अपडेट आला की सगळं पुसलं जाईल, आणि मग ते वाचवण्यासाठी अपडेट करणंच थांबेल. अशी अपडेट न केलेली साइटच हॅक होते.

रंग, अंतरं, एखादी नको असलेली पट्टी लपवणं यासाठी कस्टमायझरमधलं ‘ॲडिशनल सीएसएस’ पुरेसं आहे. याहून मोठं काही असेल तर चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर आधारलेली पण तिच्या अपडेटपासून वेगळी राहणारी थीम, करा. बडीप्रेसची एखादी मांडणीच बदलायची असेल तर तिची टेम्पलेट फाइल चाइल्ड थीममध्ये ‘बडीप्रेस’ (buddypress) नावाच्या फोल्डरमध्ये, आतली फोल्डररचना तीच ठेवून, कॉपी करा आणि तिथे बदला. साइट आधी तुमची प्रत वापरते. थीमशी संबंध नसलेले छोटे कोड बीपी-कस्टम (bp-custom.php) या फाइलीत जातात. ती प्लगइन्स फोल्डरमध्ये थेट ठेवायची, थीम बदलली तरी ती चालत राहते.

मराठी शब्दांसाठी लोको ट्रान्सलेट सोयीचं आहे. भाषांतर साठवताना ते जागा विचारतं, तिथे ‘कस्टम’ निवडा. प्लगइनच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवलंत तर अपडेटबरोबर जाईल. ईमेलचा मजकूर मात्र डॅशबोर्डच्या ‘ईमेल्स’ विभागात थेट मराठीत लिहिता येतो. टूल्समध्ये ‘रीइन्स्टॉल ईमेल्स’ असा पर्याय आहे, तो चाळा म्हणून दाबू नका, तुमचा सगळा मराठी मजकूर जाऊन मूळचा परत येईल.

देवनागरीची खास काळजी

बाजारातल्या बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून बनलेल्या असतात, म्हणून इथे थोडं जास्त लक्ष द्यावं लागतं.

नोंदणीच्या पानावर ‘युजरनेम’ची चौकट असते. तिथे लोक हौसेने स्वतःचं नाव देवनागरीत लिहितात आणि चूक दाखवली जाते, कारण युजरनेममध्ये देवनागरी अक्षरं चालत नाहीत. प्रोफाइलमधल्या ‘नाव’ या चौकटीत मात्र देवनागरी बिनदिक्कत चालते. तेव्हा चौकटीवरचा शब्द बदलून ‘लॉग-इनसाठी नाव, इंग्रजी अक्षरांत’ असा करा. ज्येष्ठ सभासदांचे निम्मे फोन यानेच थांबतील.

लेखाचं शीर्षक मराठीत दिलं की पानाचा पत्ताही मराठीत बनतो. तो साठवताना प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्राही वेगळी नऊ-नऊ चिन्हांची होते, आणि जागा असते २०० चिन्हांची. म्हणजे काना-मात्रा वेगळ्या मोजून साधारण बावीस अक्षरांनंतर पत्ता तुटतो, तोही शब्दाच्या मधेच. व्हॉट्सॲपवर अशी लिंक टाकली की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते. प्रकाशित करण्याआधी पत्ता रोमनमध्ये छोटा लिहा, उदाहरणार्थ गणेशोत्सवाच्या पानाला उत्सवाचं नाव आणि साल पुरे.

शीर्षकांची शिरोरेघ अक्षरागणिक तुटलेली दिसत असेल तर थीममध्ये ‘लेटर-स्पेसिंग’ लावलेलं आहे. ते शून्य करा. ओळींची उंची १.६ ते १.७ ठेवली की वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत अडकत नाहीत. फॉन्टसाठी मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता किंवा गुगलचा नोटो सॅन्स देवनागरी, दोन्ही मोफत आहेत. आणि साइटची भाषा सेटिंग्जमध्ये मराठी निवडा. काही फॉन्ट त्या खुणेवरूनच ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतात. आपल्या साइटवर ते हिंदी वळणाचे का असावेत?

कुणाला आत घ्यायचं

नोंदणी सगळ्यांना खुली ठेवली की खोटी खाती येणारच. बडीप्रेस १०.० पासून खुली नोंदणी बंद ठेवून सभासदत्वाच्या विनंत्या मागवता येतात, मग ओळख पटवूनच ॲडमिनने हो म्हणायचं. १२.० पासून बडीप्रेसची सगळी पानं फक्त सभासदांनाच दिसतील असा पर्यायही सेटिंगमध्ये आहे. सोसायटीची किंवा माजी विद्यार्थ्यांची साइट असेल तर तो लावाच. लावल्यावर लॉग-आउट होऊन, खाजगी खिडकीत सभासदांच्या यादीचा पत्ता टाकून बघा. यादी दिसली नाही आणि लॉग-इनचं पान समोर आलं, तर सेटिंग बरोबर लागली आहे. तरीही यादी दिसली, तर आधी कॅश रिकामी करा.