ओव्हरटेक करताना टक्कर झाली, तर चूक कोणाची? हा वाद नीट कसा घालावा

दोन गाड्या एकाच वळणात घुसतात, चाकाला चाक लागतं, एक गाडी रेतीत जाऊन थांबते आणि दुसरी पुढे निघून जाते. रिप्ले लागायच्या आत आपला निकाल तयार असतो, आणि तो बहुतेक वेळा आपण कोणाचे चाहते आहोत यावरून ठरलेला असतो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा नियम फॉर्म्युला वनचे चाहते जितक्या निष्ठेने पाळतात तितक्या निष्ठेने शर्यतीचा कुठलाच नियम पाळला जात नसेल. वाद घालू नका, असं मी मुळीच सांगणार नाही, कारण शर्यतीची अर्धी मजा शर्यत संपल्यावरच येते. पण धडक बसली त्या क्षणाकडे बोट दाखवून काही सिद्ध होत नाही. दोष ठरतो तो त्याच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांत, आणि ते सेकंद कसे वाचायचे तेवढं शिकलं की पुष्कळ भांडणं निम्म्यावर येतात.

१. आधी परिणाम झाकून ठेवा

कोण बाहेर पडला, कोण जिंकला, कोणाचे किती गुण गेले हे सगळं सुरुवातीला बाजूला ठेवा. हे सर्वांत अवघड आहे, म्हणून पहिल्यांदाच करायचं.

२०२१ची सिल्व्हरस्टोनची शर्यत घ्या. पहिल्याच फेरीत कॉप्स वळणावर लुईस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टॅपेन भिडले. व्हर्स्टॅपेनची गाडी ५१ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५१ पट, इतक्या जोराने टायरच्या भिंतीवर आदळली आणि त्याला तपासणीसाठी रुग्णालयात न्यावं लागलं. हॅमिल्टनला १० सेकंदांची शिक्षा झाली, तरी शर्यत त्यानेच जिंकली. साहजिकच अनेकांना ती शिक्षा म्हणजे थट्टा वाटली. पण स्ट्युअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, साधारणपणे चालकाची कृती तपासतात. धडकेनंतर गाडी कुठे गेली हा त्यांच्यापुढचा मुख्य प्रश्न नसतो. तीच धडक एखाद्या मंद वळणावर बसली असती तर दोघंही गाडी सावरून पुढे गेले असते आणि आज कोणाला ती आठवलीही नसती.

तुम्हीही स्वतःला हाच प्रश्न विचारा: दोन्ही गाड्या शाबूत राहिल्या असत्या तरी मी एवढाच चिडलो असतो का?

२. हल्ला कोणाचा, बचाव कोणाचा

ओव्हरटेक करणाऱ्यावर जबाबदारी जास्त असते, कारण जागा त्याला हवी असते. त्यामुळे आधी कोण कोणाला मागे टाकत होतं ते ठरवा. सोपं वाटतं, पण दरवेळी नसतं. २०१७च्या सिंगापूर शर्यतीत सुटताच सेबास्टियन व्हेटेल डावीकडे सरकला, डाव्या टोकाने किमी रायकोनेन मुसंडी मारत आला आणि व्हर्स्टॅपेन दोघांच्या मध्ये चेपला गेला. तिघांचीही शर्यत संपली. पंचांनी कोणालाच मुख्य दोषी धरलं नाही. सुटतानाच्या गर्दीत प्रत्येक जण एकाच वेळी हल्लाही करत असतो आणि बचावही, त्यामुळे पहिल्या फेरीला थोडी ढील दिली जाते आणि ती द्यायलाच हवी.

एका फेरीने मागे असलेल्या गाडीचा मामला वेगळा. २०१८मध्ये ब्राझीलला एस्तेबान ओकॉन एक फेरी मागे होता आणि ती फेरी भरून काढण्यासाठी आघाडीवरच्या व्हर्स्टॅपेनशी झुंजायला गेला. धडक बसली आणि ओकॉनला १० सेकंदांची ‘स्टॉप-गो’ शिक्षा झाली, म्हणजे गाडी ट्रॅकवरून बाजूला आणून दहा सेकंद उभी ठेवायची आणि मगच पुढे जायचं. फेरी भरून काढायला नियमांत बंदी नाही, पण ज्याच्याशी तुमची स्पर्धाच नाही त्याच्याशी जागेसाठी चढाओढ करायची नसते.

३. चित्र तीन ठिकाणी थांबवा

आता रिप्ले लावा आणि ब्रेक लागतात तिथे, एपेक्सवर, म्हणजे वळणाच्या आतल्या कडेला गाडी सर्वांत जवळ येते त्या बिंदूवर, आणि वळणातून बाहेर पडताना, अशा तीन जागी चित्र थांबवा.

ब्रेकच्या जागी बचाव करणाऱ्याकडे पाहा. जागा राखण्यासाठी त्याला एकदाच दिशा बदलता येते. रेसिंग लाइन, म्हणजे वळणातून सर्वांत वेगाने जायचा मार्ग, सोडून बचावाला गेलेला चालक वळणाआधी परत त्या लाइनकडे येत असेल, तर ट्रॅकच्या कडेला निदान एका गाडीची जागा त्याने सोडायला हवी. मागच्याने ब्रेक मारायला सुरुवात केल्यावर पुढचा बाजूला सरकला, तर माझ्या मते वाद तिथेच संपतो, कारण मागच्याला प्रतिसाद द्यायला वेळच उरत नाही.

एपेक्सवर हल्ला करणाऱ्याकडे पाहा. मोटार शर्यतींची जागतिक संघटना एफआयएने २०२५मध्ये पंचांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं सर्वांसाठी खुली केली, त्यामुळे आता मोजमापाची भाषा हाताशी आहे. आतल्या बाजूने जाणाऱ्याला जागेचा हक्क हवा असेल, तर त्याची पुढची चाकं एपेक्सच्या आधी आणि एपेक्सवर निदान समोरच्या गाडीच्या आरशाच्या रेषेत असली पाहिजेत. बाहेरून जाणाऱ्याला कसोटी आणखी कडक: एपेक्सवर त्याची पुढची चाकं समोरच्याच्या पुढच्या चाकांच्याही पुढे हवीत. दोन्ही बाबतींत गाडी ताब्यात असली पाहिजे आणि ट्रॅकच्या आत राहून वळण पूर्ण करता आलं पाहिजे. शेवटच्या क्षणी ब्रेक सोडून आत झेप घेतली, चाकं लॉक झाली, म्हणजे फिरायची थांबली, आणि गाडी सरळ घसरत गेली, तर आरशापर्यंत पोहोचूनही हक्क मिळत नाही.

बाहेर पडताना काय झालं हे बहुतेक वेळा वरच्या दोन चित्रांवरूनच ठरतं. ज्याने हक्क कमावला आहे त्याला जागा द्यायची, ज्याने नाही त्याने मागे हटायचं.

हे कागदावर स्वच्छ दिसतं, म्हणून पुन्हा कॉप्सवर जाऊ. हे उजवं वळण आहे, अतिशय वेगाचं. हॅमिल्टन आतल्या बाजूला जवळजवळ बरोबरीने आला होता, पण वळायच्या वेळी किंचित मागे होता. व्हर्स्टॅपेन बाहेरून आत वळला आणि हॅमिल्टनचं पुढचं डावं चाक त्याच्या मागच्या उजव्या चाकाला लागलं. पंचांचं बोट एका बारीक गोष्टीवर होतं: हॅमिल्टनची गाडी एपेक्सपर्यंत पोहोचेल अशा मार्गावर नव्हती आणि त्याच्या उजव्या हाताला अजून जागा रिकामी होती. म्हणून तो ‘मुख्यतः’ दोषी ठरला. संपूर्ण दोषी असं त्यांनी म्हटलं नाही, आणि हा फरक पुढे उपयोगी पडेल.

गंमत त्याच शर्यतीच्या ५०व्या फेरीत आहे. त्याच वळणावर, त्याच बाजूने हॅमिल्टनने शार्ल लेक्लेर्कला गाठलं. या वेळी त्याने आतली कड जास्त घट्ट धरली. लेक्लेर्कने जागा सोडली, त्याची गाडी बाहेर वाहवली, पण स्पर्श झाला नाही. व्हर्स्टॅपेनचे चाहते हे दृश्य दाखवून म्हणतात, बघा, आत राहता येत होतं! हॅमिल्टनचे चाहते तेच दृश्य दाखवून म्हणतात, बघा, समोरच्याने जागा दिली की धडक होत नाही! दोघांचंही खरं आहे. मला मात्र पंचांचा निकाल पटतो, कारण आतली जागा वापरणं सर्वस्वी हॅमिल्टनच्या हातात होतं.

४. कॅमेऱ्यावर आंधळा विश्वास नको

ट्रॅकच्या कडेचा लांब पल्ल्याचा कॅमेरा अंतरं चेपून दाखवतो. दोन गाड्या चिकटलेल्या वाटतात आणि प्रत्यक्षात मध्ये भरपूर जागा असते. गाडीवरच्या कॅमेऱ्याचं भिंग रुंद कोनाचं असतं, तिथे उलटं होतं. गाडी किती बरोबरीला होती हे पाहायला वरून घेतलेलं दृश्य सर्वांत बरं. स्टिअरिंग कधी फिरलं, चाक कधी लॉक झालं यासाठी गाडीवरचं दृश्य पाहा, आणि दोन्ही चालकांचं पाहा. आपल्या लाडक्याच्याच गाडीवर बसून पाहिलं तर समोरचा नेहमीच अंगावर आलेला दिसतो.

मंद गतीतल्या रिप्लेपासूनही सांभाळून राहा. त्यात असं वाटतं की चालकाला विचार करायला भरपूर वेळ होता. म्हणून मंद गतीत जागा मोजा, पण ‘त्याने थांबायला हवं होतं’ असं म्हणण्याआधी एकदा पूर्ण वेगात पाहा.

५. हक्क आणि टाळता येणं, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा

बहुतेक भांडणं इथे फसतात. एक जण विचारत असतो की जागा कोणाची होती, दुसरा उत्तर देत असतो की धडक कोणाला टाळता आली असती.

मॉन्झा, २०२१. व्हर्स्टॅपेनची गाडी हॅमिल्टनच्या गाडीवर चढली आणि डोक्यावरच्या हेलो कड्याने हॅमिल्टनला वाचवलं. पंचांनी निकालात स्वच्छ म्हटलं की हॅमिल्टनला कर्बपासून, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यापासून, आणखी दूर राहता आलं असतं. तरीही त्याची जागा वाजवी होती आणि व्हर्स्टॅपेन बरोबरीला फार उशिरा आला, म्हणून मुख्य दोष व्हर्स्टॅपेनचा. पुढच्या शर्यतीत त्याला ग्रिडवर, म्हणजे सुटतानाच्या रांगेत, तीन जागा मागे जावं लागलं. म्हणजे टाळणं दोघांच्या हातात असूनही हक्क एकाचाच होता.

२०२५च्या ब्राझीलमध्ये याच मुद्द्यावर खूप घमासान झालं. सेफ्टी कार, म्हणजे अपघातानंतर सगळ्यांना आपल्यामागे हळू चालवणारी गाडी, बाजूला झाल्यावर पहिल्या वळणात ऑस्कर पियास्त्री आतून गेला, त्याचं चाक लॉक झालं, तो किमी अँटोनेलीला लागला आणि अँटोनेली बाहेरच्या लेक्लेर्कवर आदळला. पियास्त्रीची पुढची चाकं आरशापर्यंत पोहोचली नव्हती, म्हणून त्याला १० सेकंद. मोजपट्टी लावली तर निकाल बरोबर आहे. पण अँटोनेली आत कोणी नसल्यासारखा वळला, हेही डोळ्यांना दिसत होतं, आणि शर्यत गमावलेल्या लेक्लेर्कनेही सगळा दोष पियास्त्रीच्या माथी मारला नाही. अशा वेळी नियमाने कोण दोषी आणि नियमच थोडा कच्चा आहे का, हे दोन वाद वेगवेगळे घाला. एकत्र घातले की वडाची साल पिंपळाला लागते.

६. ‘मुद्दाम केलं’ हे शेवटी, आणि पुरावा असेल तरच

हेतू कॅमेऱ्यात क्वचितच दिसतो. १९९०मध्ये सुझुकाच्या पहिल्याच वळणावर आयर्टन सेना आणि आलँ प्रॉस्त भिडले, दोघांचीही शर्यत तिथेच संपली आणि त्यामुळे सेना विश्वविजेता झाला. तो मुद्दाम आत घुसला असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. ते पक्कं झालं १९९१मध्ये, सेनाने स्वतः मान्य केल्यावर. १९९७मध्ये हेरेझला मायकेल शूमाकरने आतून येणाऱ्या जाक व्हिलनव्हवर गाडी घातली. पंचांनी आधी तो शर्यतीतला साधा अपघात ठरवला होता. पुढे एफआयएने शूमाकरचं नाव त्या वर्षीच्या चालकांच्या अजिंक्यपद क्रमवारीतूनच काढून टाकलं. अशी प्रकरणं विरळा. बाकी बहुतेक धडका अंदाज चुकल्याने होतात, आणि ‘मुद्दाम’ हा शब्द आला की समोरचा पुरावा ऐकायचा थांबतो.

७. निकाल द्या, पण वाटणी करून

सगळा दोष एकाचाच असं क्वचित असतं. ‘सत्तर टक्के आतल्याचा, तीस टक्के बाहेरच्याचा’ असं बोलायची सवय लावा. पंचांची कसोटीही अशीच चालते: एक चालक पूर्णपणे किंवा मुख्यतः दोषी असेल तर शिक्षा, नसेल तर शर्यतीतली साधी घटना म्हणून सोडून देणं. शिक्षा किती झाली हा त्यापुढचा प्रश्न. ५ सेकंद की १०, आणि सोबत परवान्यावर किती दंडगुण, यावर वेगळं भांडता येतं. बारा महिन्यांत १२ दंडगुण झाले की एका शर्यतीची बंदी येते. २०२४मध्ये केव्हिन मॅग्नुसेनला अझरबैजानची शर्यत त्यामुळेच घरी बसून पाहावी लागली.

भांडायच्या आधी पंचांच्या निकालाचा कागद वाचा. सहसा एका पानाचा असतो आणि त्यातला कारणांचा परिच्छेद हाच खरा ऐवज. समालोचक काय ओरडला यापेक्षा तो बराच कामाचा असतो.

नवा पुरावा आला तर मत बदलायचीही तयारी ठेवा, पंचही बदलतात. २०२५मध्ये झांडवूर्टला कार्लोस साइन्झ बाहेरून जाताना लियम लॉसनला लागला आणि १० सेकंदांची शिक्षा साइन्झला झाली. शर्यतीच्या वेळी हाती नसलेली, गाड्यांवरच्या कॅमेऱ्यांची दृश्यं साइन्झच्या विल्यम्स संघाने नंतर पुढे केली. ती पाहून पंचांनी कोणीच मुख्य दोषी नसल्याचं मान्य केलं आणि साइन्झचे दंडगुण काढून टाकले. दहा सेकंद मात्र त्याने शर्यतीतच भोगले होते, ते परत द्यायची सोय नव्हती.