अमेरिकेच्या घटनादुरुस्त्या नुसत्या पाठ करताय? या चुका टाळा

दर रविवारी साडेदहाला आमच्या बेसमेंटमध्ये पाच-सहा जण जमतात. बहुतेक सगळे मुलांकडे न्यू जर्सीला येऊन राहिलेले काका-काकू, ग्रीन कार्डाची वर्षं भरलेली, आता सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूची तयारी चालू. चहा माझा, पोहे ज्याची पाळी त्याचे. अकरा वर्षं हे चाललंय आणि अकरा वर्षं मी त्याच त्या चुका ऐकतोय, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू, दर बॅचला तोंडाची वाफ किती घालवायची.

सगळ्या चुकांचं मूळ म्हणजे ती एका पानाची पीडीएफ. डावीकडे १ ते २७ आकडे, उजवीकडे सन, मध्ये चार शब्द. "तेवढं एक पान पाठवा हो, बाकी वाचायला वेळ कुठेय," असं रिटायर झालेला माणूस मला म्हणतो! बँकेतनं रिटायर झालेले एक काका होते, आकड्याला एकदम पक्के. चौदावी म्हटलं की १८६८, एकोणिसावी म्हटलं की १९२०, झोपेतनं उठवून विचारा. मी विचारलं, काका, चौदावीत आहे काय? तर म्हणे ते मागाहून बघतो. अहो मागाहून काय, तेच तर बघायचंय.

माझी सवय अशी की प्रत्येक दुरुस्तीचं मूळ वाक्य काढायचं, बहुतेक दोन-चार ओळींचंच असतं, आणि विचारायचं की हे वाक्य दटावतंय कुणाला? पहिली दुरुस्ती सुरूच होते "काँग्रेस असा कुठलाही कायदा करणार नाही" असं, काँग्रेस म्हणजे इथली संसद. चौदावीत दम आहे तो राज्यांना, की सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण द्या. पंधरावीत केंद्र आणि राज्यं दोघांना. तेरावी मात्र कुणाचं नावच घेत नाही, गुलामगिरी या देशात असणार नाही एवढंच म्हणते, म्हणून ती सरकारलाही लागू आणि शेतमालकालाही. हा फरक डोक्यात बसला की निम्मं काम झालं.

नाही बसला तर काय होतं, ते ऐका.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या हिशोबावरनं आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री साडेबारापर्यंत भांडण पेटलं होतं. एका काकांनी मोदकांच्या ऑर्डरवर लागोपाठ चौदा मेसेज टाकले, शेवटी अॅडमिनने त्यांना काढून टाकलं. रविवारी काका हजर, हातात पहिल्या दुरुस्तीचा प्रिंटआऊट, पिवळ्या पेनाने रंगवलेला. "भाषणस्वातंत्र्य! माझा घटनात्मक हक्क गेला, मी केस करणार." मी म्हटलं काका, पहिला शब्द वाचा. वाचला. काँग्रेस. म्हटलं, आपला अॅडमिन काँग्रेस आहे का? तर काका शांतपणे म्हणाले, "आहेच, त्याचे वडील सांगलीला काँग्रेसचे नगरसेवक होते."

हसून हसून चहा सांडला, पण चूक तीच जी इथले शिकलेले लोकसुद्धा करतात. पहिली दुरुस्ती सरकारला आवरते. तुमचा अॅडमिन, तुमची कंपनी, दुकानाचा मालक यांच्याशी तिला देणंघेणं नाही.

आणि ही नुसती गंमत नाहीये बरं का, याच मुद्द्यावर एका अख्ख्या समाजाची ऐंशी वर्षं गेली. १८७५ साली काँग्रेसने कायदा केला होता की हॉटेल, थिएटर, रेल्वे यात रंगावरनं कुणाला अडवायचं नाही. १८८३ ला सुप्रीम कोर्टाने तो उडवला. कारण काय, तर चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, हॉटेलवाल्याला नाही. म्हणून १९६४ चा सिव्हिल राइट्स अॅक्ट करताना काँग्रेसने मुख्य आधार घेतला तो मूळ घटनेतल्या आंतरराज्य व्यापाराच्या कलमाचा! अटलांटातला एक मोटेलवाला त्याच वर्षी सुप्रीम कोर्टात गेला आणि हरला, कोर्ट म्हणालं तुझ्याकडे परराज्यातली गिऱ्हाइकं येतात, म्हणजे हा व्यापारच आहे. तेव्हा "चौदावीने हॉटेलांचे दरवाजे उघडले" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

याचंच भावंड म्हणजे "बिल ऑफ राइट्स (म्हणजे पहिल्या दहा दुरुस्त्या) १७९१ पासून सगळीकडे लागू". नाही. १८३३ ला सुप्रीम कोर्टाने स्वच्छ सांगितलं होतं की पहिल्या दहा दुरुस्त्या फक्त केंद्राला आहेत, राज्य सरकार काय करतं त्याच्याशी संबंध नाही. मग चौदावी आली, तिच्या दारातनं एकेक हक्क राज्यांवर लागू व्हायला लागला, तोही १९२५ नंतर हळूहळू. गरीब आरोपीला राज्याच्या कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळायचा हक्क १९६३ चा, बंदूक बाळगायचा हक्क राज्यांवर बंधनकारक झाला तो २०१० साली. म्हणून मी म्हणतो एकच दुरुस्ती नीट वाचायची असेल तर चौदावी वाचा, बाकीच्या नंतर.

आता दुसरी चूक, आणि ही माझी स्वतःची आहे.

सुरुवातीला मी एक मोठा चार्ट केला होता, भिंतीला लावायला. त्यावर मार्करने लिहिलं होतं: "१८७०, पंधरावी, ब्लॅक पुरुषांना मताधिकार मिळाला." आमच्या शेजारच्या आजी, मूळच्या मिसिसिपीच्या, आयुष्यभर इथे स्कूल बस चालवली, एकदा काहीतरी परत द्यायला खाली आल्या आणि चार्टसमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, माझ्या वडिलांनी पहिलं मत दिलं तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. टेबलावरचा लाल मार्कर उचलला आणि १८७० च्या शेजारी १९६५ लिहिलं.

मग खुर्ची ओढून बसल्या आणि सांगितलं. मत द्यायचं तर आधी डोईपट्टी भरा. मग क्लार्क राज्याच्या घटनेतलं कुठलंही कलम काढून देणार आणि म्हणणार याचा अर्थ लिही. उत्तर बरोबर का चूक ते तोच ठरवणार. शाळामास्तर नापास व्हायचे, आणि गोऱ्या माणसाला सोपं कलम द्यायचं की झालं.

त्यानंतर मी पंधरावी पुन्हा वाचली, आणि खरंच की हो, तिच्यात मताधिकार "दिलाय" असं कुठेच नाही. वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामी या कारणावरनं नाकारायचा नाही, एवढंच आहे. मग दक्षिणेतल्या राज्यांनी दुसरी कारणं शोधली. १८९० ची मिसिसिपीची घटना याच कामासाठी लिहिलेली. लुइझियानात १८९६ ला एक लाख तीस हजारांवर ब्लॅक मतदार नोंदलेले होते, नवी घटना आली आणि १९०४ पर्यंत उरले साधारण तेराशे. दुरुस्ती जागेवरच होती हां, एक शब्द हलला नव्हता. १९६५ च्या व्होटिंग राइट्स अॅक्टच्या, म्हणजे मताधिकार बजावून घेणाऱ्या कायद्याच्या, आधी मिसिसिपीत मतदानाच्या वयाच्या ब्लॅक लोकांपैकी ६.७ टक्के नोंदलेले, १९६७ ला जवळपास ६० टक्के.

आपल्याकडे फुल्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना अर्पण केली, गुलामांना सोडवलं म्हणून. त्या वेळी तिकडे खरोखरच ब्लॅक आमदार-खासदार निवडून येत होते. आणखी चार वर्षांनी, १८७७ ला, दक्षिणेतल्या सरकारांना आधार द्यायला ठेवलेलं केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं.

तेव्हापासून माझ्या चार्टवर प्रत्येक दुरुस्तीपुढे दोन सन असतात, एक कागदावरचा, एक जमिनीवरचा. चौदावीच्या समान संरक्षणापुढे १८६८ आणि १९५४, जेव्हा सुप्रीम कोर्टाने शाळांतला रंगभेद घटनाबाह्य ठरवला, मध्ये १८९६, जेव्हा त्याच कोर्टाने त्याच वाक्याखाली रेल्वेत गोऱ्या-काळ्यांचे वेगळे डबे चालवून घेतले. एकोणिसावीपुढे, म्हणजे बायकांच्या मताधिकारापुढे, १९२०, आणि दक्षिणेतल्या ब्लॅक बायकांसाठी पुन्हा १९६५. पद्धत काही शास्त्रीय नाही, दुसऱ्या सनावर वाद घालता येतो, घाला की. वाद घालायला तरी वाचावं लागेल.

बाकीच्या पटापट सांगतो.

लिंकनने १८६३ ला गुलामगिरी संपवली, हे चूक. ती घोषणा फक्त बंड केलेल्या भागांपुरती होती, केंटकी-डेलावेअरसारख्या सोबत राहिलेल्या राज्यांना ती लागूच नव्हती. देशभर संपली ती तेराव्या दुरुस्तीने, डिसेंबर १८६५. आणि तिच्यातही "गुन्ह्याची शिक्षा म्हणून सोडून" अशी मेख आहे, ती वगळून पाठ करू नका.

अठराव्या दुरुस्तीने दारू पिणं बंद नव्हतं केलं. बनवणं, विकणं, नेणं-आणणं बंद. घरात आधी भरून ठेवलेली खुशाल प्या. १९३३ ला एकविसावीने अठरावी रद्द केली.

दुरुस्तीवर राष्ट्राध्यक्ष सही करतो, हे आपल्याकडच्या सवयीने लोक म्हणतात. इथे त्याचं कामच नाही. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश, मग तीन चतुर्थांश राज्यं, म्हणजे आज ३८. आपल्याकडे शंभरावर दुरुस्त्या झाल्या आणि इथे २७ च, त्याचं मोठं कारण हे गणित. आणि आपल्यासारखा मजकूर खोडून नवा लिहीत नाहीत, मागे जोडतात. गुलाम म्हणजे तीन पंचमांश माणूस धरायचा तो मूळ मजकूर अजून तसाच छापला जातो.

"चौदावीमुळे आपल्याला सिटिझनशिप मिळते," हे आमच्या बेसमेंटमधलं सगळ्यात लाडकं वाक्य. काकू, ती तुमच्या इथे जन्मलेल्या नातवाला. बाहेरनं येणाऱ्याला १७९० च्या कायद्याने गोरा असणं सक्तीचं होतं, १८७० पासून आफ्रिकन वंशाचे चालायला लागले, आपण नाही. १९२३ ला नागरिकत्वासाठी लढणारे पंजाबी शीख भगतसिंग थिंद सुप्रीम कोर्टात हरले आणि आधी मिळालेलं नागरिकत्वसुद्धा कित्येक भारतीयांकडनं काढून घेतलं गेलं. आपल्याला दार उघडलं १९४६ ला, तेही साध्या कायद्याने. दुरुस्तीचा त्यात भाग नाही.

आणि सत्ताविसावी शेवटची म्हणून १९९२ ची "नवी" समजू नका. खासदारांच्या पगाराची ती दुरुस्ती १७८९ ची, पहिल्या दहांबरोबरच राज्यांकडे गेलेली आणि पडून राहिलेली. १९८२ ला टेक्सासमधल्या ग्रेगरी वॉटसन नावाच्या विद्यार्थ्याने कॉलेजच्या निबंधात लिहिलं की हिला मुदतच नाही, ही अजून मंजूर होऊ शकते. मास्तरणीने सी ग्रेड दिली. पठ्ठ्याने राज्याराज्यांना पत्रं लिहायला घेतली, दहा वर्षं लिहीत राहिला, आणि झाली की मंजूर. ग्रेड बदलून ए केली, ती २०१७ साली. हे सगळं त्या एका पानाच्या पीडीएफमध्ये "२७ – १९९२ – पगार" एवढंच असतं.