इंदूर–महेश्वर–मांडू–धार : दोघांची दोन दिवसांची फेरी, आणि घाट नीट कसा उतरावा

शुक्रवारी रात्री जेवताना ठरवायचं आणि शनिवारी उजाडता निघायचं, अशा सहलीला इंदूरकरांसाठी महेश्वर–मांडू–धार ही फेरी सगळ्यात चांगली. एकूण अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. दिशा मात्र हीच ठेवा : महू-मानपूरवरून घाट उतरून धामनोद, तिथून महेश्वर, रविवारी गुजरीवरून चढून मांडू, मग धारमार्गे घरी. म्हणजे अवघड उतार सकाळी ताज्या डोक्यानं होतो आणि दमल्यावर माळव्याचा सपाट रस्ताच उरतो. उलट फिरलात तर रविवारी अंधारात, ट्रकांच्या गर्दीत घाट चढावा लागेल.

रात्रीच चाकांची हवा आणि फास्टॅगमधले पैसे बघा, महेश्वरला फोन करून खोली पक्की करा. ‘गेल्यावर बघू’ हे सोमवार-मंगळवारी चालतं. श्रावणात आणि जोडसुट्टीत गाडीतच झोपायची वेळ येते. दोघांनी एकेक ठिकाण सांगून ठेवा, जे काही झालं तरी चुकवायचं नाही. बाकीचं वाटेत ठरू द्या. पोहे घरूनच खाऊन निघा.

आता घाट. मानपूर ओलांडलं की रस्ता विंध्याचल उतरून नर्मदेकाठच्या निमाड भागात शिरतो. याच टप्प्यातला गणेश घाट ट्रकांचे ब्रेक निकामी होण्यासाठी बदनाम आहे. इथे एक सल्ला हमखास मिळतो : ‘गाडी न्यूट्रल करा, पेट्रोल वाचतं.’ हा सल्ला धोक्याचा आहे आणि चूकही. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारं पेट्रोल बंद होतं, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला पेट्रोल जळतच राहतं. वर इंजिनाची पकड सुटते आणि गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो.

ज्या गिअरमध्ये चढ चढाल, त्याच गिअरमध्ये उतार उतरा. या घाटात तो बहुतेक तिसरा असतो. तिसऱ्यातही वेग वाढतच राहिला तर दुसरा. गिअर उतार सुरू होण्याआधी घाला, निम्म्या उतारावर नाही. इंजिन घुमायला लागलं म्हणून घाबरून वरचा गिअर टाकू नका. इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा (आरपीएम) आकडा तीन हजारांवर गेला तरी इंजिनाचं काही बिघडत नाही, त्या आवाजातच गाडी धरलेली असते. ऑटोमॅटिक गाडीत एल (खालचा गिअर) किंवा मॅन्युअल वापरा. डी-वर सोडलेली गाडी उतारावर वरचे गिअर घेत पळते.

ब्रेकवर पाय टेकवून ठेवणं ही दुसरी मोठी चूक. हलका पण सतत दाब पडला की डिस्कला थंड व्हायला उसंत मिळत नाही. चाळीसवरून तीसवर येईपर्यंत ठाम दाबा, मग पाय पूर्ण काढा. वेग पुन्हा चाळीसला पोचला की पुन्हा तसंच. जळका वास आला, पेडल मऊ लागलं किंवा नेहमीपेक्षा खोल गेलं, तर ब्रेक तापले आहेत. रुंद जागा बघून थांबा, पहिला गिअर घाला, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास गाडी निवू द्या. डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून जुनं ऑइल लवकर उकळतं : डॉट ४ या दर्जाचं ऑइल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत टिकतं, ओल धरल्यावर १५५ पर्यंतच टिकेल असं धरा. उकळल्यावर नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल पोकळ लागतं. दर दोन वर्षांनी ते बदलाच.

ट्रकांचा नियम एकच : जड ट्रक पुढे हवा, मागे नको. आरशात भरलेला ट्रक दिसला, त्याच्या चाकांतून धूर निघत असला किंवा तो सतत हॉर्न देत येत असला, तर डावीकडे रस्त्याबाहेर जा आणि त्याला जाऊ द्या. दोन ट्रकांच्या मधे अडकू नका. आरशावर नजर ठेवायचं काम शेजारी बसलेल्याचं, या टप्प्यात मोबाइल बाजूला. पावसाळ्यात धुकं आलं तर लो बीम लावा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवू नका, वळताय की नाही ते मागच्याला कळत नाही.

धामनोदवरून महेश्वर अगदी जवळ. गाडी किल्ल्याबाहेरच ठेवा, गल्ल्या अरुंद आहेत. १७६७ मध्ये अहिल्याबाईंनी इथे राजधानी आणली. त्यांची राजगादी बघून संध्याकाळी नर्मदेच्या घाटाच्या पायऱ्यांवर बसा. सकाळी मागावर विणकाम चालू असताना जा. अस्सल महेश्वरी साडीचा काठ उलटून बघा, दोन्ही बाजूंनी नेसता येतो.

रविवारी नऊच्या आत निघा. अरुंद चढावर वर जाणाऱ्याला आधी वाट द्यायची असते, पण समोरचा देईलच असं धरू नका. मांडूत जहाज महाल आणि रूपमती मंडप, एवढंच नीट बघा. हवा स्वच्छ असली तर मंडपातून खाली नर्मदेची रेघ दिसते. जेवायला पानिये मागा : पानांत घालून गोवऱ्यांवर भाजलेली मक्याची जाड भाकरी, वर डाळ. वाटेत खुरासानी चिंचेची (गोरखचिंचेची) बुंधा फुगलेली झाडं दिसतील.

धारचा किल्ला बाहेरून पाहिला तरी चालेल. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ मध्ये तिथलाच. पाचच्या आत धार सोडा. अंधार पडला की मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात आणि तुमच्या दिव्यात त्या फार उशिरा दिसतात.