उन्हाळ्यात गाडी तापते: कुटार, पंखा आणि बोअरचं पाणी

तापमानाचा काटा कधी चढतो ते आधी पाहा. गाडी उभी असताना चढला आणि रस्त्याला लागल्यावर उतरला, तर संशय पंख्यावर. एसी लावा, बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरतो. नाही फिरला तर फ्यूज, मग रिले (पंख्याला वीज जोडणारा छोटा स्विच), मग मोटरला बॅटरीवरून थेट 12 व्होल्ट देऊन बघा.

माझ्या गाडीचा काटा पळतानाच चढायचा. रेडिएटर आणि त्यापुढच्या एसी कंडेन्सरच्या मध्ये सोयाबीनचं कुटार (भुसा) आणि कापसाचे तंतू गच्च बसले होते. समोरून हे दिसतच नाही. इंजिनाच्या बाजूने पुढे साध्या नळीने पाणी मारा. प्रेशर वॉशर जवळून मारला की रेडिएटरची पातळ पाती वाकतात.

रेडिएटरची आतली बाजू त्याहून महत्त्वाची. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. त्याचा क्षार नळ्यांत थर धरतो आणि उष्णता बाहेर पडत नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडा, नाहीतर उकळतं पाणी अंगावर येतं. सगळं पाणी काढा, डिस्टिल्ड वॉटर भरून इंजिन चालवा, थंड करून पुन्हा काढा. स्वच्छ येईपर्यंत हेच. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरा. हीटर फुल ठेवून हवा काढा, बुडबुडे थांबेपर्यंत.

थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) गरम पाण्यात बुडवून तपासता येतो: त्यावर 82 लिहिलं असेल तर साधारण तेवढ्या अंशांना तो उघडायला लागतो. झाकणाचं रबर चिरलं असेल तर झाकणच बदला. दाब टिकला नाही की पाणी लवकर उकळतं.

ऑइल दुधाळ दिसलं किंवा बुडबुडे थांबतच नसतील, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) गेलं समजा. ते काम मिस्त्रीकडेच न्यावं, टोचन करून.