गाडी उभ्या उभ्या आडवी झाली? क्रॅश गार्ड आणि दुरुस्तीतल्या या चुका टाळा

यू-टर्न घेताना पाय खडीवरून घसरतो, मोटरसायकल कलते आणि एका हद्दीनंतर ती सावरणं कुणाच्याच हातात राहत नाही. वेग जवळजवळ शून्य असतो, स्वाराला खरचटलेलंही नसतं. उठल्यावर पहिली नजर टाकीवर जाते, मग इंडिकेटरवर. तिथं ओरखडा नसला की ‘गार्डनं वाचवलं’ म्हणून स्टार्टरचं बटण दाबलं जातं. इथंच बहुतेकांचं चुकतं. गार्डनं, म्हणजे इंजिनच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या पोलादी पाइपच्या कठड्यानं, घेतलेला मार हवेत विरून जात नाही. तो पाइपमधून क्लॅम्पमध्ये, तिथून बोल्टमध्ये आणि बोल्टमधून फ्रेमच्या किंवा इंजिनच्या माउंटिंगमध्ये (जिथं तो बोल्ट बसतो त्या जागेत) उतरतो. पडल्यानंतरची तपासणीही त्याच वाटेनं व्हायला हवी.

उचलण्याची घाई

गाडी आडवी असताना इंजिन चालू असेल तर आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) दाबा. तेल एका बाजूला गेलेलं असतं, पंप हवा ओढू लागतो आणि बेअरिंगना तेल पोचत नाही. मग किल्लीही बंद करा. पेट्रोल ठिबकत असेल तर आसपास कुणी सिगारेट पेटवत नाही ना, तेही बघा.

हँडल धरून कमरेच्या जोरावर गाडी खेचली की पाठ धरलीच समजा. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच खाली पाडून ठेवा, नाहीतर उभी झालेली गाडी पलीकडे जाऊन डाव्या बाजूचंही काम काढते. गिअर टाकून ठेवला की चाक पळत नाही. पाठ गाडीकडे करा, सीटला टेका, एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातानं मागचं ग्रॅब रेल किंवा फ्रेम धरा आणि पायांच्या ताकदीनं मागे मागे सरका.

उभी केल्यावर स्टार्टर मारतोय पण इंजिन पकडत नाही, म्हणून बॅटरी उतरेपर्यंत बटण दाबत बसू नका. बऱ्याच फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गाडी आडवी झाली की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. किल्ली बंद करून काही सेकंद थांबा, पुन्हा चालू करा. तेलाची पातळी मात्र गाडी सरळ उभी करून थोडा वेळ गेल्यावरच बघा. सुरू झाल्यावर थोडा वेळ निळसर धूर येणं शक्य आहे, तेल सिलिंडरमध्ये किंवा एअर फिल्टरच्या डब्यात गेलेलं असतं. तो हळूहळू कमी व्हायला हवा. होत नसेल तर एअर फिल्टर उघडून बघा.

वाकलेला गार्ड गाडीवरच सरळ करणं

हा सगळ्यात महागात पडणारा उद्योग. गार्ड आत वाकला, इंजिनच्या कव्हरला टेकला, म्हणून लांब पाइप घालून तो बाहेर ओढायचा. तरफेच्या टोकाला तुम्ही लावलेला जोर माउंटिंगपाशी कितीतरी पटींनी वाढतो, आणि बऱ्याच गाड्यांमध्ये ते माउंटिंग म्हणजे इंजिनच्या केसिंगला असलेला ॲल्युमिनियमचा कान. गार्ड पोलादी आहे, तो वाकतो. ॲल्युमिनियमचा कान वाकत नाही, तडकतो. पडताना जे वाचलं ते दुरुस्तीत तुटतं.

गार्ड आधी खोला. खोलताना बोल्ट हातानं सहज निघतोय की भोकात अडकून निघतोय, हे लक्षात ठेवा. अडकत निघाला तर काहीतरी ताणलेलं आहे. काढलेला बोल्ट सपाट काचेवर गोल फिरवा, डगमगला तर फेकून द्या. आटे एका जागी बारीक आणि ताणलेले दिसले तरी तेच. आता मोकळ्या झालेल्या माउंटिंगकडे बॅटरी मारून बघा: रंगाला केसासारखी रेघ पडली आहे का, पावडर कोटिंगचे पापुद्रे उडाले आहेत का, वेल्डिंगच्या कडेनं गंज डोकावतोय का. फ्रेमच्या नळीवर रंग तडकलेला दिसला तर गार्ड बाजूला ठेवा आणि आधी फ्रेम माहितगाराला दाखवा.

पाइप नुसताच थोडा कलला असेल तर बाहेर काढून व्हाइसमध्ये धरून परत आणता येतो. घडी पडली असेल, म्हणजे पाइप आतून चेपून चपटा झाला असेल, तर त्या जागची ताकद गेली. तापवून सरळ केलात, वरून काळा रंग मारलात, तरी पुढच्या वेळी तो तिथंच मुडपणार. वेल्डिंग करायचं असेल तर गार्ड गाडीवरून उतरवूनच. गाडीवर वेल्डिंगचा करंट वाट मिळेल तिथून अर्थिंग शोधतो, त्यात ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) आणि बेअरिंगही येतात. क्रोम किंवा झिंकचा थर आधी घासून काढा, त्याचा धूर विषारी असतो.

बोल्ट आणि जाडजूड गार्डचा मोह

गार्ड बसवताना इंजिनच्या माउंटिंगचाच बोल्ट वापरला जातो आणि मध्ये गार्डच्या पट्टीची जाडी येते. बोल्ट तेवढाच जुना ठेवला तर आत जाणारे आटे कमी पडतात. ढोबळ हिशोब असा की पोलादात किमान बोल्टच्या जाडीइतके आटे आत हवेत, ॲल्युमिनियममध्ये दीडपट ते दुप्पट. म्हणजे १० मिमीचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये निदान १५ मिमी आत गेला पाहिजे.

दुसरा मोह चकचकीत स्टेनलेस बोल्टांचा. डोक्यावर १०.९ लिहिलेला मूळ बोल्ट काढून ए२-७० लिहिलेला स्टेनलेस लावला तर तो गंजणार नाही हे खरं, पण पहिल्याची ताणशक्ती साधारण १००० मेगापास्कल आणि दुसऱ्याची ७००. काढलेल्या बोल्टवर जो आकडा असेल तोच किंवा त्या मॉडेलसाठी कंपनीनं सांगितलेलाच बोल्ट लावा.

बसवताना सगळे बोल्ट आधी हातानं दोन-चार आटे फिरवून घ्या, मग टॉर्क रेंचनं (ठरवलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्यानं) कसा. एक बाजू पूर्ण आवळून दुसऱ्या बाजूचं भोक स्क्रूड्रायव्हरनं ओढून जुळवलंत की गार्ड कायमचा ताणात राहतो.

जाड पाइपचा, वजनदार गार्ड म्हणजे जास्त सुरक्षित, असं वाटतं खरं. पण गार्ड थोडा वाकला तरच मार त्याच्यात जिरतो, अजिबात न वाकणारा गार्ड सगळा मार माउंटिंगकडे ढकलतो. वजनापेक्षा तो दोन्ही बाजूंना किती ठिकाणी धरलेला आहे आणि डावी-उजवी बाजू आडव्या दांड्यानं जोडलेली आहे का, ते बघून घ्या. फार बाहेर आलेले फ्रेम स्लायडरही (फ्रेमला बोल्टनं लावलेले संरक्षक ठोकळे) असेच, लांब तरफ होऊन बोल्ट वाकवतात. आणि गार्डला चार दिवे, दोन बाटल्या नि डबा अडकवणाऱ्यांना काय सांगायचं? पडल्यावर आधी तेच फुटतात.

हँडल वाकडं म्हणजे फोर्क वाकलं, असं नाही

गाडी सरळ चाललीय पण हँडल डावीकडे बघतंय. गॅरेजात लगेच ‘फोर्क गेलं’, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या वाकल्या, असं ऐकू येतं. हळू पडलेल्या गाडीत बहुतेक वेळा फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमध्ये फक्त पिळलेल्या असतात, किंवा हँडलखालचे रबर माउंट सरकलेले असतात. आधी हँडलच्या रायझरचे (हँडल धरणाऱ्या खुंट्यांचे) खालचे बोल्ट ढिले करून बघा.

तरीही वाकडं असेल तर दोन्ही फोर्क नळ्यांच्या उघड्या भागावर जाड काचेचा सपाट तुकडा आडवा धरा. काच चारही जागी टेकली पाहिजे. डुगडुगली तर पीळ आहे. गाडी पुढून भक्कम टेकवून चाक जमिनीपासून उचला, ॲक्सल, मडगार्ड आणि क्लॅम्पचे बोल्ट ढिले करा, सरळ रेषेत आणा आणि पुन्हा ठरलेल्या टॉर्कवर आवळा. टेकू न देता क्लॅम्प ढिले केले तर गाडी नळ्यांवरून खाली बसते. सरळ करूनही काच डुगडुगत असेल तर नळी खरंच वाकलेली असू शकते, मग ती बाहेर काढून तपासावी लागते. नळीवर ओरखडा आहे का ते नख फिरवून बघा, नख अडकलं तर तो ऑइल सील कापणार. वाकलेलं हँडल मात्र सरळ करू नका. पोलादी असो वा ॲल्युमिनियमचं, बदला.

लिव्हर आणि गळती

ॲल्युमिनियमचा लिव्हर उलटा वाकवला की तो तडकतो, कधीकधी लगेच नाही, पुढच्या जोरदार ब्रेकला. तो बदलाच. हँडलवरचा त्याचा क्लॅम्प जीव खाऊन आवळायची गरज नाही, पडल्यावर तो थोडा फिरला तर लिव्हर वाचतो. खाली प्लंबरची पांढरी टेप गुंडाळली तर हे आणखी सोपं होतं. चालवताना मात्र हलता कामा नये.

गिअर लिव्हर आत दबून कव्हरला घासत असेल तर तोही शाफ्टवरून उतरवूनच सरळ करा. गाडीवर वाकवलात तर शाफ्ट आणि त्याचं सील दोन्ही जायचे.

थ्रॉटल तपासायला विसरू नका. बार-एंडला (हँडलच्या टोकाला) मार बसला की ग्रिप आत सरकते आणि थ्रॉटल अडकतो. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून बघा, सोडल्यावर तो दोन्हीकडे आपोआप टचकन मिटला पाहिजे. ब्रेक लिव्हर स्पंजासारखा लागत असेल तर ब्रेकच्या नळीत हवा गेली आहे, ब्लीड केल्याशिवाय (ती हवा बाहेर काढल्याशिवाय) निघू नका.

कव्हरवर ओरखडा आहे की तडा, हे तेलकट धुळीत कळत नाही. जागा पुसून कोरडी करा, वर टाल्कम पावडर फुंकरा आणि इंजिन थोडं गरम होऊ द्या. तडा असेल तर पांढऱ्या पावडरीत बारीक काळी रेघ उमटते. दोन रंगांचं मळून लावायचं एपॉक्सी तेवढ्यापुरतं चालतं, तेही तेल पूर्ण पुसलं असेल तरच. त्याच्या भरवशावर घरी पोचा, पुढच्या सहलीला जाऊ नका.

पहिली चाचणी मोकळ्या, सपाट जागेत, कमी वेगात. दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून बघा, गाडी एका बाजूला ओढते का ते कळेल. परत आल्यावर इंजिनच्या खाली पुठ्ठा टाकून ठेवा. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर गार्डचे सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कला लावून बघा, नवीन रंगाचा थर दबून ते ढिले पडतात.