छोट्या देशाने रग्बीची नॅशनल टीम कशी उभी करायची
परदेशातून नावाजलेला कोच आणायच्या आधी एक काम करा, आपल्या टॉपच्या ४० पोरांना वर्षाला खऱ्या टक्करीच्या मॅचेस किती मिळतात ते मोजा. टक्करीची म्हणजे शेवटची २० मिनिटं राहिली तरी कोण जिंकणार ते सांगता येत नाही अशी मॅच. छोट्या देशात होतं काय, की पोरगा घरच्या लीगमध्ये दर आठवड्याला ५० पॉइंटने जिंकतो आणि मग थेट मोठ्या टीमसमोर उभा राहून ५० पॉइंटने हरतो, आणि दोन्हीतून त्याच्या हाताला काहीच लागत नाही. मधली पायरीच नाहीये. माझं ठाम मत आहे की सगळा पैसा आणि डोकं आधी या मधल्या पायरीवर लावायला हवं.

ती पायरी म्हणजे घरचीच एक प्रोफेशनल टीम, जी शेजारच्या देशांच्या टीम्सबरोबर लीग खेळते. दक्षिण अमेरिकेत २०२० ला अशी लीग सुरू झाली, उरुग्वेची पेन्यारोल आणि चिलीची सेल्कनाम त्यात खेळतात, आणि जुलै २०२२ मध्ये चिलीने दोन मॅचचा स्कोअर मिळून फक्त १ पॉइंटने अमेरिकेला बाहेर काढलं आणि पहिल्यांदा वर्ल्ड कपला गेले. फिजीची द्रुआ टीम २०२२ ला सुपर रग्बीत, म्हणजे मुख्यतः न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या प्रोफेशनल लीगमध्ये आली, पुढच्याच वर्षी फिजीने इंग्लंडला त्यांच्याच ट्विकनहॅम मैदानावर ३०-२२ आणि वर्ल्ड कपमध्ये ऑस्ट्रेलियाला २२-१५ हरवलं. टॅलेंट तर फिजीकडे आधीपासून होतंच, पण आता अर्ध्याहून जास्त टीम वर्षभर एकत्र राहायला, एकत्र खेळायला लागली. तुमच्याकडे एवढा पैसा नसेल तर ३०-३५ पोरांना छोटे का होईना पण कॉन्ट्रॅक्ट द्या, सगळ्यांना एकाच शहरात आणा, एक जिम, एक ग्राउंड, एक फिजिओ, आणि शेजारच्या दोन-तीन फेडरेशनशी बोलून घरच्या-बाहेरच्या मॅचेसचं कॅलेंडर पक्कं करा.

दुसरं, फ्रंट रो, म्हणजे स्क्रममध्ये (दोन्ही टीमचे आठ-आठ जण एकमेकांना भिडून बॉलसाठी ढकलतात तेव्हा) सगळ्यात पुढे असणारे तिघं. याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. २३ जणांच्या टीममध्ये फ्रंट रोला खेळू शकणारे किमान ६ जण लागतात आणि असे ६ तयार व्हायला खूप वर्षं जातात, प्रॉप (फ्रंट रोच्या दोन टोकांचे खेळाडू) पंचविशीनंतरच कुठे पिकायला लागतो. त्यामुळे १७-१८ वर्षांची धिप्पाड पोरं आज शोधा, मानेची आणि पाठीची ताकद हळूहळू वाढवा, आणि प्लीज त्यांना लगेच ३० वर्षांच्या प्रॉपसमोर स्क्रमला उभं करू नका, मानेची दुखापत आयुष्यभराची असते. जॉर्जियाने आपलं सगळं रग्बी स्क्रमवर उभं केलं, त्यांचे प्रॉप फ्रान्सच्या क्लबांमध्ये वर्षानुवर्षं खेळतायत आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कार्डिफला जाऊन त्यांनी वेल्सला १३-१२ हरवलं.

पण जॉर्जियाची कॉपी मारू नका, अंगकाठी कशी आहे त्यावर गेम ठरवा. जपान १९९५ ला न्यूझीलंडकडून १४५-१७ हरला होता आणि २०१५ ला ब्रायटनमध्ये त्याच जपानने साउथ आफ्रिकेला ३४-३२ हरवलं, ते पण शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मारून ड्रॉ करता येत असताना स्क्रम घेऊन. त्यांची ताकद स्पीड, फिटनेस आणि खाली वाकून केलेले टॅकल. हेड कोच एडी जोन्स होता हे सगळ्यांना आठवतं, पण स्क्रमला मार्क दाल मासो आणि लाइनआउटला (बाहेर गेलेला बॉल परत आत फेकल्यावर रांगेतून उडी मारून घ्यायचा असतो, त्याला) स्टीव्ह बोर्थविक असे वेगळे कोच होते. बजेट कमी असेल तर मोठ्या नावाचा हेड कोच घेण्यापेक्षा असे दोन स्पेशालिस्ट घ्या, आणि त्यांच्या हाताखाली तुमचे स्वतःचे कोच तयार होतायत की नाही ते बघा.

बाहेर राहणारे खेळाडू जरूर शोधा, आई-वडील किंवा आजी-आजोबा तुमच्या देशात जन्मलेले असतील तर चालतं, नुसतं राहण्यावरून घ्यायचं असेल तर आता ६० महिने लागतात, आधी ३६ होते. पण कागदपत्रं तपासायला एक जबाबदार माणूस कायमचा नेमा. स्पेनने २०२३ च्या वर्ल्ड कपची जागा मैदानात कमावली होती आणि एका नियमात न बसणाऱ्या खेळाडूमुळे पॉइंट कापले जाऊन ती गेली, अख्ख्या टीमची मेहनत वाया. आणि अशा खेळाडूंना फक्त वर्ल्ड कपपुरतं बोलवू नका, दर विंडोला, म्हणजे देशांच्या मॅचेससाठी ठरवलेल्या काळात, बोलवा, त्यांच्या क्लबशी आधीपासून बोलून ठेवा, कारण नियमाने सोडावं लागत असलं तरी क्लबचं प्रेशर खेळाडूवरच येतं.

सेव्हन्समधून, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीतून, सरकारी पैसा येतो, ऑलिंपिकमध्ये आहे ना, तो घ्याच. फक्त त्यातून प्रॉप आणि लॉक (स्क्रमच्या दुसऱ्या रांगेतले उंच खेळाडू) तयार होत नाहीत एवढं लक्षात ठेवा. शाळेत टॅकलशिवायच्या रग्बीने सुरुवात करा आणि प्रत्येक नव्या टीममागे एक रेफ्रीही तयार करा, रेफ्री कमी पडले की लीगच बंद पडते.

आणि मोठ्या विजयानंतरचं वर्ष आधीच प्लॅन करा. पोर्तुगालने ऑक्टोबर २०२३ मध्ये फिजीला २४-२३ हरवलं, जबरदस्त रग्बी खेळले, मग कोच गेला, काही सीनियर रिटायर झाले आणि फेब्रुवारीत तीच टीम बेल्जियमकडून हरली. २०२७ ला वर्ल्ड कप २४ टीम्सचा होतोय, म्हणजे नवे देश येणार. तिथे पोचलात तर विमानात बसायच्या आधी पुढचा कोच कोण, आणि पुढच्या १२ महिन्यांत कोणाकोणाशी खेळायचं, हे दोन्ही सही करून ठेवलेलं असू द्या.