विमानप्रवासाची वेळ काढताना या चुका टाळा

दोन शहरांमधील विमानप्रवासाला किती वेळ लागेल हे ठरवताना पुष्कळ जण अंतराला ताशी ९०० किलोमीटरने भागतात आणि मोकळे होतात. हा वेग विमान पुरेशा उंचीवर स्थिरावल्यानंतरचा असतो. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण आणि मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर उतरण्यापूर्वीच्या घिरट्या या भागाकारात येतच नाहीत. मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१५० किलोमीटर आहे. भागाकार सव्वा तास सांगतो, तर वेळापत्रकात दोन तासांहून अधिक वेळ असतो.

माझ्या परिचयातील एक दांपत्य मे महिन्यात मुंबईहून लंडनमार्गे लीड्सला मुलीकडे निघाले होते. विमान दुपारी दोनला सुटणार, एवढेच जावयाने फोनवर ऐकले आणि ७,२०० किलोमीटरांचे आठ तास धरले. मग भारत आणि ब्रिटनच्या घड्याळांतला साडेपाच तासांचा फरक वजा करून दुपारी साडेचारला विमान उतरेल असे ठरवले आणि सायंकाळी सातच्या बसची, पैसे परत न मिळणारी तिकिटे काढली. प्रत्यक्षात या मार्गाला सुमारे दहा तास लागतात, आणि मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर ब्रिटनची घड्याळे एक तास पुढे असल्याने फरक साडेचार तासांचाच उरतो. बस सुटली तेव्हा सासू-सासरे अजून आकाशातच होते. तिकिटावरची पोहोचण्याची वेळ विचारायला एक फोन पुरला असता. पण घाईत असलेल्या माणसाला भागाकार जवळचा वाटतो.

जाण्याचा वेळ तोच येण्याचा, असे धरणे ही दुसरी मोठी चूक. आपल्या अक्षांशांच्या उत्तरेला, विमाने उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. त्यामुळे लंडनहून मुंबईला येताना सहसा तासभर वाचतो. अंतर टाकले की दोन्ही दिशांना एकच वेळ सांगणाऱ्या संकेतस्थळांवर माझा विश्वास नाही. मी विमान कंपनीचे वेळापत्रक पाहतो आणि त्याच उड्डाणाला गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष किती वेळ लागला तेही तपासतो.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून मार्ग काढू नये. पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून पाहावा. तो उत्तर युरोपावरून जातो.

सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, साधा मैल १.६०९, म्हणून अंतराच्या आकड्यापुढचे एकक वाचावे.

आणि सर्वांत जवळचा मार्ग खुला असेलच असेही नाही. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांना आपले आकाश बंद केल्यावर दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा घ्यावा लागला. दोन शहरांमधले अंतर तेच राहिले, प्रवासाचे तास मात्र वाढले. म्हणून जुन्या प्रवासाच्या आठवणीवर पुढची जोडणी ठरवू नये.